एका कानाचा आमदार

"ह्या बाई उठल्या की ती खुर्ची धुऊन घे."

साहेब हे मला म्हणाला नाही. शिपायाला म्हणाला. मी त्याच्यासमोर टेबलाच्या ह्या बाजूला बसले होते. त्यानं आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. पंखा बंद कर म्हणावं तसं म्हणाला आणि पुन्हा नकाशावर वाकला.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं रस्त्याचं ऑफिस. वैशाखाचं ऊन. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या. शिपाई त्यांच्यावर पाणी मारत होता, म्हणजे बादली त्याच्या हातातच होती. आम्ही तिघं गेलो होतो. मी, आमच्या वस्तीतले म्हातारे सोमाजीबाबा आणि त्यांच्या शेजारची राहीबाई. ते दोघं दारापाशी उभे राहिले. त्यांना सवय होती. मला नव्हती. मी मॅट्रिक पास होते, सरकारी नोकरीत होते. खुर्ची रिकामी दिसली, बसले.

ते ऐकलं आणि मी उठले. कोणी दंड धरून उठवलं नाही. पाय आपोआप सरळ झाले. सोमाजीबाबा म्हणाले, "चाल पोरी." व्हरांड्यात येईस्तोवर मागून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग पाण्याचा.

आम्ही कशासाठी आलो होतो, हे सांगायचं राहूनच गेलं. साहेबानं विचारलंही नव्हतं.

तर आता सांगते.

लकडगंज मागं टाकून भंडारा रोडनं मौद्याकडे निघालं की उजव्या हाताला आमची वस्ती. डाव्या हाताला लाकडाच्या टाली, म्हणजे वखारी, आरा मशिनी आणि एका शेठचा संत्र्याचा बगीचा. हा रस्ता रुंद करायचा ठरला. दोन्ही बाजूंनी नाही. आमच्याच बाजूनं. कारण तिकडं होती मालमत्ता आणि इकडं होतं अतिक्रमण. हे शब्द माझे नाहीत, ऑफिसचे. चुना लावलेले खुणेचे दगड आमच्या अंगणांत रोवून गेले. एक दगड विहिरीच्या पाळीला टेकून.

अतिक्रमण म्हणे. हा रस्ता माझ्या आईनं केला. डोक्यावर फडकं, मांडीखाली पोतं, पुढ्यात दगडाचा ढीग. दिवसभर गिट्टी फोडायची. बाप डांबराच्या पिपाखाली जाळ घालायचा. ठेकेदाराला मजूर कामाजवळ हवे होते, म्हणून त्यानंच रस्त्याच्या कडेला जागा दाखवली, इथं झोपड्या टाका म्हणाला. रस्ता झाला. ठेकेदार गेला. आम्ही राहिलो. आमच्या हातच्या रस्त्यावरून ज्यांच्या मोटारी गेल्या त्यांच्या आम्ही आता रस्त्यात येत होतो.

आणि विहीर. ती विहीर नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी आम्ही शेठच्या बगीच्यातलं पाणी प्यायचो. प्यायचो म्हणजे काय, बायांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गुंड म्हणजे पाण्याचा हंडा ठेवून बसायचं, माळ्याला वाटलं तर त्यानं वरून ओतायचं. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले. ही बातमी बगीच्यात पोचली तेव्हा माळी आईला म्हणाला, "आता तुमी मोठे लोक झाले. आपली इहीर खोदून घ्या."

घेतली. दगड फोडणाऱ्या माणसांना दगडाचं काय भय. दिवसभर मजुरी, संध्याकाळी विहीर. बाया माती ओढत, पोरं टोपल्या देत. मी टोपल्या देणाऱ्यांत होते. पाणी लागलं तेव्हा आईनं पूजा घालू दिली नाही. नारळ नाही, हळद नाही. तिनं पहिली बादली ओढली आणि धुऱ्यावरून आणलेला रिकामा गुंड भरून घेतला. तेव्हापासून त्या विहिरीवर आम्ही कोणाला ना म्हटलं नाही. ट्रकवाले यायचे, मेंढरंवाले यायचे. एका उन्हाळ्यात शेठच्या बगीच्याची मोटर जळाली, तेव्हा तोच माळी आला. आईनं त्याला दोर दिला. ओढून घे म्हणाली.

साहेबाच्या नकाशात ह्या विहिरीवरून डांबर जाणार होतं.

खुर्ची धुतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, ट्रंक बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात वायरी. कोणाला मुंबई द्यायची, कोणाला जबलपूर. दुपारी एक लाल दिवा लागला. मी म्हटलं, "ट्रंक."

"ताई, मुंबई जरा लवकर द्या हं. आवाज तुमचाच का परवाचा? फार गोड आवाज आहे हो तुमचा."

तोच. तोच आवाज. पंखा बंद कर म्हणणारा.

मी मुंबई दिली. नोकरी होती. तो "थँक्यू ताई" म्हणाला. त्यानंतर तो जवळजवळ रोज यायचा लाइनवर, कधी मंत्रालय माग, कधी घरची माणसं माग. मी रोज त्याची ताई व्हायचे. वायरीतून माझी जात जात नव्हती, म्हणून त्याला माझ्याशी माणसासारखं बोलता येत होतं. एवढ्या शिकलेल्या माणसाचं माणूसपण एका वायरीवर लटकलेलं. मला राग यायला पाहिजे होता. राग नाही आला. किळस आली.

दगड रोवल्यावर आम्ही घरी बसलो नाही. ज्याच्या त्याच्या दारी गेलो. आमच्याच समाजातला एक पुढारी होता, दर सभेत पहिल्या रांगेत. त्यानं सोमाजीबाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर बोलतो म्हणाला. पुढं कळलं की रुंद रस्त्यावर एक पेट्रोल पंप निघणार होता आणि ह्याचं वर बोलणं त्या पंपासाठी चाललं होतं. धरमपेठेतल्या समाजसेविका आल्या. जुन्या साड्या वाटल्या, विहिरीचं पाणी फार छान आहे म्हणाल्या, थर्मासमधलं प्यायल्या. एक पेपरवाला आला. त्यानं राहीबाईला रडायला सांगितलं. तिला रडू येईना तर फोटो न काढता गेला.

अशा लोकांना मी आजही रस्त्यात पाहिलं तर तोंड फिरवत नाही. सरळ पाहते. तेच फिरवतात.

मग आमदार आले.

नवीनच निवडून आलेले. कुणबी, मौद्याकडच्या गावचे, धानाचे शेतकरी. आमच्या वस्तीनं त्यांना मतं दिली नव्हती आणि ते त्यांना माहीत होतं. लहानपणी एक कान वाहून वाहून गेलेला, डाव्या कानानं काहीच ऐकू येत नसे. त्यांच्याच पक्षातले लोक पाठीमागं बहिरा म्हणत. एस.टी.नं आले, एकटे, काखेत छत्री. मी तेव्हा मनात त्यांना 'तो'च म्हटलं. पांढरा कपडा दिसला की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटायचं.

मी विहिरीवर होते. नमस्कार न करता विचारलं, "पाणी घेता काय?"

ते घेतो म्हणाले. प्यायले. मी विरघळले नाही. आमच्या हातचं पाणी पिऊन मतं घेऊन जाणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. पाणी प्यायला काय लागतं? तहान.

पण मग ते विहिरीच्या पाळीवर बसले आणि राहीबाईकडे उजवा कान करून म्हणाले, "सांग माय. मले एकाच कानानं ऐकू येते, तं हळू सांग."

राहीबाई बोलायला लागली. ती पाल्हाळ लावणारी बाई. रस्त्यापासून सुरू करायची, सुनेवर जायची, सुनेवरून तिच्या मेलेल्या बकरीवर. आम्हालाच वैताग यायचा. आमदारांनी तिला तोडलं नाही. बकरी कशानं मेली तेही विचारलं. ट्रकखाली मेली होती. रस्ता आत्ताच एवढा भरधाव आहे, मग रुंद झाल्यावर माझे नातू कसे ओलांडतील, असं ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. ती बाई पहिल्यापासून तेच सांगत होती. आम्ही शेवटपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळ झाली. निघताना सोमाजीबाबा हात जोडून म्हणाले, मायबाप, आमची इहीर वाचवा. आमदारांनी ते हात खाली केले. म्हणाले, "मी वचन देत नाही. विरोध करीन. जिंकीन का हरीन, मले ठाऊक नाही."

त्या दिवशी मी त्यांना 'ते' म्हणायला लागले.

ते परत आले. तिसऱ्यांदाही आले. एकदा आले ते साहेबाला घेऊनच. जीप थांबली, साहेब उतरला, काळा चष्मा, हातात नकाशाची सुरळी. त्याच्यासाठी कोणी खाट आणली. तो बसला नाही. नकाशा उघडून आमदारांना समजावायला लागला, त्यांच्या नेमक्या डाव्या बाजूला उभा राहून. आमदारांनी थोडा वेळ तसंच बोलू दिलं. मग म्हणाले, "मले नका सांगू. ह्या लोकाइले सांगा. घर ह्याइचं चाललं."

साहेबानं आमच्याकडे पाहिलं. आमच्याशी कसं बोलावं हे त्याला खरंच माहीत नव्हतं. शेवटी हवेत बोलल्यासारखं बोलला, की विहीर बुजवावी लागेल, पण नळ मिळेल, सरकार काही निर्दय नाही.

आमदारांनी माझ्याकडे मान केली. "बाई, तुमाले काही बोलायचं हाये?"

मी हातातली बादली खाली ठेवली. आणि बोर्डावर बोलते त्या आवाजात, तसंच शुद्ध, तसंच हळू म्हणाले, "ट्रंक. नंबर सांगा, साहेब."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्यानं काळा चष्मा काढला.

"मी तीच," मी म्हटलं. "तुम्ही मले रोज ताई म्हणता. आणि मी बसली होती ते खुर्ची तुम्ही धुवून घेतली. आता सांगा, तुमाले नळ द्यायचा कोणाले हाये? ताईले का त्या बाईले?"

कोणी हसलं नाही. साहेब नकाशा गुंडाळायला लागला. सुरळी नीट होईना. आमदारांनी विचारलं, खुर्चीचं काय? मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्यांनी कान माझ्याकडे केला होता, त्यामुळं तोंड साहेबाकडे होतं. सांगून झाल्यावर ते साहेबाला एवढंच म्हणाले, "चाला. तुमच्या ऑफिसात जाऊ. त्याच खुर्चीवर बसतो मी."

त्या दिवसानंतर साहेबाचे ट्रंक कॉल त्याचा कारकून लावायचा.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं. आमदारांनी मला आणि सोमाजीबाबांना गॅलरीचे पास दिले. सोमाजीबाबांनी मुलाच्या लग्नातली टोपी घातली. मी वरून पाहिलं. ज्यांचे फोटो भिंतीभिंतीवर लागतात ते लोक खाली पेंगत होते, सुपारी कातरत होते. आमचे आमदार उठले तसे आणखी काही उठून बाहेर गेले.

ते चांगले वक्ते नव्हते. कागद उलटेसुलटे करायचे. पण बोलले. ह्या तुकड्यावर रस्ता रुंद करायला माझा विरोध आहे, म्हणाले. वाहनं भरधाव सोडायची तर वस्तीपासून लांबून सोडा. ज्यांनी हा रस्ता बांधला त्यांनाच त्याच्याखाली गाडू नका. आणि रुंदीकरण एकाच बाजूनं का, दुसऱ्या बाजूला कोणाकोणाच्या टाली आहेत, हे सभागृहाला सांगा. त्यातली एक टाल माझ्या साळ्याची आहे, तीही सांगा.

हे शेवटचं मला नवीन होतं. त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मंत्री उत्तराला उठला. म्हणाला, माननीय सदस्यांना विकासाची हाक ऐकू येत नसावी, त्यांच्या प्रकृतीची अडचण आम्ही समजू शकतो. सगळं सभागृह हसलं. आमदारांच्या स्वतःच्या पक्षाचे जास्त हसले. सोमाजीबाबा मला विचारायला लागले, काहून हसून राहिले ते? मी सांगितलं नाही.

आमदार उभेच होते. त्यांनी उजव्या कानामागं तळहात धरला. "मंत्रीमहोदय, मले ऐकू नाही आलं. पुन्हा एकदा सांगा."

मंत्री सांगेना. हसणं थांबलं. अध्यक्ष म्हणाले, सदस्यांनी खाली बसावं. ते तसेच उभे. कानामागं हात.

"मी वाट पाहून राहिलो," ते म्हणाले.

मंत्र्यानं कागदात मान घातली आणि त्या तुकड्याचं काम तूर्त थांबवून पुन्हा तपासणी करू असं काहीतरी पुटपुटला. तेवढंच. घोषणा नाही, टाळ्या नाहीत. पुढं पावसाळा आला आणि गेला, दगड तसेच राहिले आणि रोलर आला नाही.

आता ऐका त्यांचं काय झालं. साळ्यानं बोलणं टाकलं. बायको माहेरच्या लग्नाला एकटी गेली आणि रडत परत आली. पुढच्या निवडणुकीत पक्षानं तिकीट कापलं. कारण सांगितलं की तब्येत बरी नसते. दोन्ही कान धड असलेला एक माणूस उभा केला, लाकडाच्या धंद्यातला. तो निवडून आला. आमच्या वस्तीतलीही काही मतं त्याला गेली. रुंद रस्त्यावर तुम्हाला दुकानं काढून देतो म्हणाला आणि आमची पोरं भुलली. त्या पोरांची मला लाज वाटली, आणि मी त्यांना तोंडावर सांगितलं. साहेबाची बढती होऊन तो मुंबईला गेला. त्याला आता ट्रंक कॉल लागत नसतील.

जुने आमदार शेती करतात. एकदा मौद्याच्या बाजारात भेटले, भाजी घेत होते. मी पाया पडले नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं. मी त्यांना म्हटलं, तुमच्यासारखा माणूस परत नाही आला. ते म्हणाले, "मी काय केलं? ऐकलं. ते तं कामच होतं." आणि वांगी निवडायला लागले.

मी त्यांना देवमाणूस म्हणत नाही. आम्ही देव नदीत सोडले ते दुसरे आणायला नाही. ज्या कामासाठी त्यांना निवडलं ते काम त्यांनी केलं. ह्या जन्मात ते काम करणारा मी एकच पाहिला, आणि त्याला बहिरा म्हणणाऱ्यांची मला इतकी घाण वाटते की ती शब्दांत मावत नाही. असं काय मोठं मागितलं होतं आम्ही? ऐकून घ्या, एवढंच. त्यासाठी एका माणसाला आपलं घरदार पणाला लावावं लागलं, तर ते सभागृह कशासाठी बांधलं?

ह्या महिन्यात पुन्हा रस्त्याच्या मोजणीची माणसं आली. साखळी, दुर्बीण, लाल झेंडे. वस्तीची बैठक झाली. सगळे म्हणाले, जुन्या आमदारांकडे जाऊ. मी नको म्हटलं. त्यांचं करून झालं. दर वेळी आपल्या वतीनं बोलायला आपण एक भला माणूस शोधत बसायचं काय? आणि नाही सापडला तर?

म्हातारी राहीबाई म्हणाली, "मी बोलतो. मले येते." तिला कोणी हसलं नाही.

सकाळी आम्ही बाया विहिरीवर उभ्या राहिलो. दुर्बीणवाला तरुण होता, नवा, चांगला शिकलेला. त्यानं बाजूला व्हा म्हटलं. मी विचारलं, कोणाला विचारून आले? तो म्हणाला, वरून ऑर्डर आहे.

"मग वर जाऊन सांग," मी म्हटलं, "खालच्याइनं नाही म्हटलं."

तो हसला. हसू दे. उद्या पुन्हा येईल, पोलीस घेऊन येईल. आणू दे. आम्ही अर्ज करणार नाही, हात जोडणार नाही, नळाचं कबूल करणार नाही.

विहीर देणार नाही.